पाच लिटरचा डबा आणि दीड किलोचं कोडं

२४ जून २०२४, सोमवार. वजन ७१.६

आजपासून सुरू. वय ४२, उंची १५८ सेंटिमीटर, कंबर ९३. भोसरीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि "रीडिंग लिहिलंस का?" एवढंच. तेव्हा स्वतःचं वजन उतरवायचं तर तेही वही उघडूनच करावं म्हटलं.

गणित असं. मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने (१० × वजन + ६.२५ × उंची − ५ × वय − १६१) नुसती पडून राहिले तरी मला १३३० कॅलरी लागतात. बैठं काम धरून त्याला १.४ ने गुणलं की १८६० च्या आसपास. खायचं १४००. म्हणजे रोजची तूट ४६०. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी, म्हणून आठवड्याला चारशे ग्रॅम. दिवाळीपर्यंत सात-साडेसात किलो. कागदावर तरी काम फत्ते.

हत्यारं: वजनकाटा, फोनमधलं कॅलरी मोजायचं ॲप आणि वाढदिवसाला नवऱ्याने दिलेलं मनगटी घड्याळ, जे झोपेचेही गुण देतं.

२६ जून, बुधवार

सकाळी ४५ मिनिटं चालणं, संध्याकाळी लेकीबरोबर बैठका आणि दोन-दोन किलोचे डंबेल. लेक नववीत आहे, शाळेच्या खो-खो संघात. तिच्या वीस बैठका झाल्या तेव्हा माझ्या आठ झाल्या होत्या.

२८ जून. ७२.०

जिना उतरताना कठडा धरावा लागला. ऑफिसात खुर्चीत बसताना तोंडातून "आई गं" निघालं, तर शेजारच्या टेबलवरचा मुलगा उठून उभाच राहिला.

१ जुलै. ७२.३

वही तपासली. आठवड्याची सरासरी १३९०. एकही दिवस १४५० च्या वर नाही. आणि वजन सातशे ग्रॅमने वर. वाट बघू.

७ जुलै, रविवार. ७२.९

गुरुवारपासून चार दिवस सलग ७२.९. घरातले म्हणतात, चला, वाढायचं तरी थांबलं. मला मात्र वाढीपेक्षा याचीच जास्त धास्ती वाटते. आमच्याकडे एखाद्या ऑपरेटरने सलग चार रीडिंग दशांशापर्यंत सारखी लिहिली, तर ती त्याने मापलेली नसतात, आधीचं बघून उतरवलेली असतात. जिवंत माणसाचं वजन रोज दशांशापर्यंत सारखं येईलच कसं?

८ जुलै, सोमवार

काट्याची उलटतपासणी घेतली. काटा न्हाणीघराच्या उतारावरून काढून हॉलच्या सपाट फरशीवर ठेवला. उभी राहिले, ७२.९. उतरले, हळदीचं २०० ग्रॅमचं पाकीट हातात घेऊन परत चढले. ७२.९. पुन्हा केलं, तेच. मग कणकेची पाच किलोची पिशवी काट्यावर ठेवली, तिचं वजन येऊ दिलं, पिशवी उतरवली आणि पाकीट न घेता चढले. ७२.६.

तर काट्याला स्मरणशक्ती आहे. आधीच्या आकड्याच्या जवळपासचं काही आलं की तो नवं न दाखवता जुनंच दाखवतो. बरेच घरगुती डिजिटल काटे हे करतात, कारण दोनदा उभं राहून दोन आकडे आले की गिऱ्हाईक काटा बिघडला म्हणून दुकानात जातं. म्हणजे स्थिर दिसावं म्हणून केलेली लबाडी. यापुढे रोज आधी पिशवी, मग मी. उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, पाण्याचा घोट घ्यायच्या आधी. गंमत म्हणून रात्री जेवणानंतरही घेतलं: ७४.०. सकाळ-रात्रीतच एवढा फरक असेल, तर आठवड्यातून एकदा वाटेल त्या वेळी वजन करणाऱ्यांच्या आनंदाला आणि दुःखाला काहीच आधार नाही.

१० जुलै, बुधवार

ज्या जिममध्ये चौकशीला गेले होते, तिथल्या प्रशिक्षकाने निदान केलं: "मॅडम, तुम्ही कमी खाताय म्हणून मेटाबॉलिझम बंद पडलाय. शरीर आता हवेतूनसुद्धा चरबी साठवतंय." उपाय अर्थातच त्यांच्याकडच्या पावडरचा मोठा डबा.

हे खरं असतं तर दुष्काळात माणसं लठ्ठ झाली असती. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचा शरीराचा खर्च घटला, हे खरंच. पण वजन जवळजवळ चतुर्थांशाने उतरलं. मात्र त्यांच्या घोट्यांवर सूज यायची, पाणी साठायचं. म्हणजे अंगातला ऐवज जात असतानाही काही काळ काटा ते लपवू शकतो. ही 'पाणी' नावाची ओळ वहीत अधोरेखित केली.

१२ जुलै

थायरॉइड तपासून घेतलं. टीएसएच २.८, ठीक. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, थायरॉइड मंद असला तरी त्यापायी वाढतं ते बहुतेक मीठ-पाणी आणि तेही काही किलोच. सगळं खापर त्याच्या माथी फोडता येत नाही. स्टेरॉइड, मनोविकारावरची काही औषधं, इन्सुलिन यांनी वजन वाढू शकतं, त्यातलं काही चालू आहे का, हेही विचारलं. नाही. हा रकाना बंद.

१४ जुलै, रविवार. ७३.१

आज तीन आठवडे पूर्ण. हिशोबाने ७०.४ हवं होतं. आहे ७३.१. दीड किलो वर. रात्री उशिरापर्यंत बसून हे सुटं सुटं करून पाहिलं.

दीड किलो चरबी वाढायला साडेअकरा हजार कॅलरी लागतील. वीस-एकवीस दिवसांत म्हणजे खर्चाच्या वर रोज साडेपाचशे. खर्च १८६० धरला तर मी रोज २४०० खात असले पाहिजे. वहीत १४०० आहे. माझी वही चुकीची असेल, पण रोज एक हजारने? इतकीही मी आंधळी नाही.

तर पाणी. सवय नसलेला व्यायाम केला की स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, दाह होतो, तिथे पाणी जमतं; जिन्याचा कठडा हा त्याचा साक्षीदार. शिवाय व्यायाम करणारा स्नायू ग्लायकोजन (साखरेचा राखीव साठा) जास्त साठवायला लागतो आणि ग्लायकोजनच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी येतं. शंभर ग्रॅम साठा वाढला तर चारशे ग्रॅम वजन, चरबी शून्य. मीठही आहेच. अंगातल्या द्रवात मीठ साधारण ०.९ टक्के असतं, म्हणजे साडेचार ग्रॅम जादा मीठ पोटात गेलं की ते बाहेर पडेपर्यंत अर्धा लिटर पाणी धरून ठेवू शकतं. काल नणंदेकडे जेवले: लोणचं, पापड, मसालेभात, मठ्ठा.

आणि चौथी गोष्ट, जी लिहायला मला तीन आठवडे लागले याचा रागच येतोय. उद्या-परवा पाळी येईल. पाणी सगळ्यात जास्त साठतं ते त्याच सुमाराला. २४ जूनला मी सुरुवात केली तेव्हा पाळीचा आठवा दिवस होता, अंग सगळ्यात हलकं असण्याचे दिवस. म्हणजे तळाला उभी राहून शून्य ठरवलं आणि निकाल शिखरावर चढून लावला. कारखान्यात हे कुणी केलं असतं तर मी रिपोर्ट परत पाठवला असता. सूत्र लिहिणाऱ्यांपासून ॲप काढणाऱ्यांपर्यंत कुणालाही हा रकाना सुचलेला दिसत नाही. मलाही सुचला नव्हता.

पण एवढ्यावर सुटका नाही. पाण्याने दीड किलो चढले हे मान्य. उतरायला हवे होते ते सव्वा किलो कुठे गेले? समजा ते उतरले आहेत आणि वरून पावणेतीन किलो पाणी चढलंय? मनाला बरं वाटतं, पटत नाही. वही पुन्हा उघडायची.

१५ जुलै. ७२.८. पाळी.

१७ जुलै, आषाढी एकादशी

एकादशी दुप्पट खाशी. आज प्रथमच सगळं कच्चं तोलून लिहिलं. माझ्या वाटची खिचडी: साबुदाणा ८० ग्रॅम (२८०), दाण्याचं कूट ३० ग्रॅम (१७०), तूप १० ग्रॅम (९०), बटाटा (३५). एकूण पावणेसहाशे. ॲपमध्ये 'साबुदाणा खिचडी, एक वाटी' २१०. त्यांची वाटी बहुधा निरांजनाएवढी असावी.

यातून एक धागा मिळाला. शिजलेल्या पदार्थाला आकडा लावते तिथे मी कुणा अनोळखी माणसाच्या स्वयंपाकाचा आकडा उचलते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते आहेत, त्यात कच्च्या जिनसांचे आकडे आहेत. ते सरळ आहेत. गाठ पडते ती कढईत.

१८ जुलै, गुरुवार

घड्याळ. ४५ मिनिटं चालण्याचे ते मला ३१० कॅलरी देतं, ॲप त्या १४०० मध्ये मिळवून "आज आणखी ३१० शिल्लक" असं हिरव्या अक्षरांत सांगतं, आणि चार वाजता ऑफिसात मी ती शिल्लक बाकरवडीत गुंतवते. इमानेइतबारे नोंद करून! म्हणजे वहीतले १३९० हे 'वजा जाता' होते. हे मी स्वतःच स्वतःपासून लपवलं होतं म्हटलं तरी चालेल.

ताशी पाच किलोमीटर चाललं तर खर्च बसल्या जागेच्या साधारण साडेतीनपट. त्यातला एक पट मी बसून राहिले असते तरी झालाच असता. उरला अडीचपट: २.५ × ७३ × पाऊण तास, म्हणजे १३७. तीनशे दहा नव्हे. स्टॅनफर्डमध्ये २०१७ साली सात मनगटी यंत्रं तपासली होती. नाडीचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले, पण कॅलरीच्या बाबतीत सगळ्यात अचूक निघालं तेही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं, आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. घड्याळ ठेवलंय, वेळ बरोबर दाखवतं.

२० जुलै, शनिवार

आज सुट्टी, म्हणून सकाळी सहाला स्वयंपाकघरात वजनकाटा घेऊन उभी. एरवी सकाळचा स्वयंपाक आई करतात, मी डबा उचलून बस पकडते. म्हणजे ज्या अन्नाचा मी ग्रॅममध्ये हिशोब ठेवते, ते होताना मी बघितलेलंच नाही. सासूबाईंना काट्याचा सुरुवातीला राग आला.

"माझ्या हाताखाली माप लावणार आता?"

"आई, तुमचं नाही, माझं माप काढतेय."

घडीची पोळी. कणीक ३० ग्रॅम, १०० कॅलरी. घडीत आणि तव्यावर मिळून तेल ४ ग्रॅम. खाली उतरवल्यावर तूप ४ ग्रॅम. पोळी एक, कॅलरी १७२. ॲपमधली 'चपाती' ८५ ची आहे. तिला तेल ठाऊक नाही. मी दिवसाला चार खाते, दोन तुपाच्या.

मग भाजीची फोडणी. मी वहीत 'तेल एक चमचा, ५ ग्रॅम' लिहीत आले. आईंचा चमचा म्हणजे पळी. ती भरून तोलली: १४ ग्रॅम. आमटीला एक, भाजीला दोन, आणि "खाली लागायला लागली तर" वरून धार. धारेचं वजन करायला मला जमलं नाही.

२१ जुलै, रविवार. ७२.२

पाळीनंतर पाणी उतरलं. पण २४ जूनशी तुलना करता सहाशे ग्रॅम अजून वर. पाळीचा दिवस जवळपास तोच, म्हणून ही तुलना पहिल्यांदा बरोबरीची आहे. सहाशे ग्रॅममध्ये स्नायूंचं पाणी किती, चरबी किती, ते काटा सांगणार नाही. कंबर सांगेल: शिंप्याच्या टेपने ९२.५. अर्धा सेंटिमीटर कमी, म्हणजे टेप किती ओढली त्यावर बदलेल इतकंच.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. काट्यावर दोघं सारखेच. आपल्याकडे बायकांना कंबरेची मर्यादा ८० सेंटिमीटर सांगतात, ती याचसाठी. माझी ८० अजून फार लांब आहे.

गेल्या रविवारी तेलाचा डबा आणि तेलाची किटली दोन्ही तोलून ठेवली होती. थाळीतलं तेल मोजणं अवघड, पण घरात आलेलं मोजणं सोपं. कारखान्यात कच्चा माल आत किती आला आणि तयार माल बाहेर किती गेला, यावरूनच आपण गळती पकडतो. महिन्याला पाच लिटरचा एक डबा येतो. लिटरला ९१० ग्रॅम, म्हणजे ४५५० ग्रॅम. चार माणसं, तीस दिवस: माणशी ३८ ग्रॅम. माझ्या वहीत माझं रोजचं तेल सरासरी ११ ग्रॅम आहे. मग बाकीचं पितंय कोण?

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. सिंहगड रोडला घरांत पाणी शिरलं, शाळांना सुट्टी. चालणं नाही. आईंनी कांदाभजी केली. नोंद: भजी, नग ९. तळून उरलेलं तेल तोलून परत बरणीत.

२८ जुलै, रविवार. ७२.०

दोन आठवड्यांचा तेलाचा हिशोब पूर्ण. वापर २२४० ग्रॅम (तळणाचं उरलेलं वजा करून). भागिले १४, भागिले ४: माणशी रोज ४० ग्रॅम. चौघांत समान वाटणी होत नाही हे कळतं; लेक भाजी ढकलून ठेवते, नवरा दोनदा घेतो. पण माझे ११ मात्र अशक्य. फरक २९ ग्रॅम, गुणिले ९, म्हणजे २६० कॅलरी.

आता एकत्र: तेल २६०, तूप ७०, पोळीची कणीक ६०, घड्याळाने दिलेले आणि मी खाल्लेले ३१०. वहीतल्या १४०० वर हे चढवलं की २१००. खर्च १८६० अधिक चालण्याचे १३७, म्हणजे दोन हजार. ज्या दिवशी मी चालत होते, त्या दिवशी ४६० ची तूट सोडाच, उलट शंभराची भर पडत होती. न चालण्याच्या दिवशी थोडी तूट. सगळं मिळून जिथल्या तिथे.

१९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी "आम्ही बाराशेपेक्षा कमी खातो तरी वजन उतरत नाही" म्हणणाऱ्या दहा माणसांचा खरा खर्च मोजला होता. शरीर मंद वगैरे काही नव्हतं. त्यांनी खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त सांगितली होती. मी २१०० चे १४०० लिहीत होते, म्हणजे ३३ टक्के. त्या दहांपेक्षा बरी, एवढंच समाधान. आणि खोटं मी एकदाही लिहिलं नव्हतं, हे मात्र वहीत लिहून ठेवते.

आईंशी बोलणं झालं. सुरुवात बरी झाली नाही.

"तेल मोजून घालायचं तर चवही मोजूनच येईल."

दोन दिवस तोच विषय. शेवटी त्यांनीच तोडगा काढला: रोज सकाळी दिवसाचं तेल एका वाटीत काढायचं, ११० ग्रॅम, त्यात चौघांचं भागवायचं. कुठे किती घालायचं ते त्या ठरवणार, मी बोलायचं नाही. मंजूर. नवा डबा आज फोडला, मार्करने वर तारीख टाकली. घड्याळाचं आणि ॲपचं नातं तोडलं. तूप एकाच पोळीला.

४ ऑगस्ट. ७१.७

वाटी दोनदा दुपारीच संपली. रात्री भाजी पाण्याच्या हबक्यावर. नवरा म्हणाला, "आजारी आहे का कुणी?"

११ ऑगस्ट. ७२.१

चढलं. जूनमध्ये असं झालं असतं तर जेवण सोडलं असतं. आज मागचं पान उघडलं: पाळीच्या आदल्या दिवशी, १४ जुलैला, ७३.१ होतं. आज पुन्हा पाळीची आदली सकाळ. म्हणजे एक किलो खाली. श्रावण लागलाय, शनिवार-सोमवार आईंचे उपास. वाटीत तेल उरतं ते दुसऱ्या दिवशी माझ्या नकळत भाजीत जातं, मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे की मला माहीत आहे.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा. ७१.१

२२ जुलैला पाळीचा आठवा दिवस होता, तेव्हा ७२.२. आज पुन्हा आठवा. अकराशे ग्रॅम. चार आठवड्यांत तेवढं, म्हणजे रोजची तूट सुमारे तीनशे. कंबर ९१. बैठका लेकीच्या बरोबरीने वीस, फक्त ती गाणं म्हणत करते.

नारळीभात झाला. तोलला नाही.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

वजन केलं नाही. उकडीचे मोदक सात. वर तूप वाटीतून ओतून, पळीने नाही.

८ सप्टेंबर, रविवार. ७१.०

पाळीची आदली सकाळ आहे, तिसऱ्यांदा: ७३.१, ७२.१, ७१.०. दिवाळीपर्यंत सात किलो होत नाहीत. तीन-साडेतीन होतील.

२८ जुलैला फोडलेला डबा काल संध्याकाळी संपला. ४१ दिवस चालला. माणशी रोज २८ ग्रॅम. आज सकाळी स्वयंपाकघरात गेले तर नवा डबा ओट्यावर होता आणि त्यावर मार्करने तारीख टाकलेली होती, आईंच्या अक्षरात.